अक्षर इरण्णाचं, शब्द माझे

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर एक जुना फोटो फिरत आला. काळा फलक, त्यावर पांढऱ्या खडूने लिहिलेल्या दोन ओळी: ‘शाळकरी मुलगी परदेशी तरुणासोबत, परिसरात खळबळ’. फोटोखाली कुणीतरी ताजी तारीख घालून ‘सावध राहा’ असं लिहिलं होतं. फलक आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आहे. मुलं पळवणाऱ्यांची अफवा उठली की तो फोटो पुन्हा बाहेर येतो. या वेळी एका जाणकाराने खाली लिहिलं, ‘हे इरण्णाचं अक्षर. याच माणसाने तेव्हा त्या पोराला मार खायला लावला.’ त्याखाली बऱ्याच जणांनी पसंतीचा अंगठा टाकला. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं.

इरण्णा मागच्या वर्षी त्याच्या गावी, कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीला वारला. अक्षर त्याचं होतं, शब्द माझे होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट राहणार नाही.

आमचं सायंदैनिक होतं. आता ते बंद पडलं आहे, नाव सांगण्यात अर्थ नाही. मी तिथे वृत्तसंपादक होतो. सोलापुरात कन्ना चौकाच्या अलीकडे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कचेरी, खाली दारापाशी वार्ताफलक. अंक दुपारी तीनला बाजारात यायचा, पण फलक साडेबाराला लिहून तयार असायचा. टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार जेवणाच्या सुट्टीत चहाला येत, फलक वाचत आणि निघून जात. त्यांतल्या पाचातल्या एकाने संध्याकाळी अंक घ्यावा, एवढ्यासाठी तो फलक होता. बाकीच्या चौघांना बातमी म्हणजे फलकावरच्या त्या दोन ओळी. हे मला चांगलं ठाऊक होतं.

फलक इरण्णा लिहायचा. ठेंगणा, सावळा, कपाळावर भस्माची तीन बोटं, पांढरा हाफ शर्ट आणि उजव्या बाहीवर कायम खडूची भुकटी. घरात कानडी, बाहेर मराठी, कारखान्यातल्या लोकांशी तोडकं तेलुगू. शिक्षण नववी. मात्र अक्षर असं की पाट्या रंगवणारे पेंटर सायकल थांबवून बघत. खडू तो रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवून आणायचा. तशा खडूने लिहिलेलं अक्षर ठळक उमटतं आणि हात लागला तरी पुसलं जात नाही. उन्हाळ्यात मात्र त्या साखरेला मुंग्या लागत. एकदा एका मंत्र्याच्या नावावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि खाली घोळका हसत उभा होता. मालकांनी वरून ओरडून विचारलं, काय चाललंय. इरण्णा शांतपणे म्हणाला, “काय न्हाय मालक, बातमी गोड हाय म्हणून आल्यात.”

त्याच्या कामाची रीत ठरलेली. मी मथळा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खाली पाठवायचो. तो ती वाचायचा, बोटांवर अक्षरं मोजायचा, फलकावर लिहायचा आणि मग चिठ्ठी दाराशेजारी टांगलेल्या तारेला टोचून ठेवायचा. किराणा दुकानात बिलं टोचतात तशी वाकडी तार. तार भरली की चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून कपाटात. कशाला ठेवतोस म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, “मागनं कुणी विचारलं तर दाखवाया येतं.” बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

चिठ्ठीतला एखादा शब्द पटला नाही की तो जिना चढून वर यायचा. वाद घालायचा नाही. टेबलासमोर उभा राहून एवढंच विचारायचा, “सायेब, वाचणारा हे वाचून काय करंल?” पहिल्यांदा मला याचा राग यायचा. पुढे सवय झाली आणि नंतर, खरं सांगायचं तर, मी मनातल्या मनात त्याची वाट बघायला लागलो.

एकदा अक्कलकोट रोडला ट्रकने दुचाकीवाल्याला उडवलं. मी मथळा दिला, ‘कर्नाटकच्या ट्रकने तरुणास चिरडले’. इरण्णा वर आला.

“ट्रक कर्नाटकचा हाय म्हणून चिरडलं का?”

मी म्हटलं, पासिंग तिकडचं आहे, खरं तेच लिहिलंय.

“खरं हाय की. पण हितल्या वळसंगचा ट्रक असता तर तुमी वळसंगच्या ट्रकनं लिवलं असतं का?”

मी चिठ्ठी त्याच्याकडे परत सरकवली. त्याने ‘कर्नाटकच्या’ गाळून ‘भरधाव’ लिहिलं. त्याचा धाकटा भाऊ ट्रकवर क्लीनर होता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा त्याने ते सांगितलं नव्हतं. मैंदर्गीहून तो पहिल्यांदा सोलापूरच्या शाळेत आला तेव्हा वर्गात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, ‘ए कानडी’ म्हणत. हेही त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. चहा पिता पिता, दुसऱ्याच विषयात सांगितलं होतं.

परदेशी माणसांच्या बाबतीत त्याने मला जे दाखवून दिलं, ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एकदा सायकलवरून जग फिरणारं एक जर्मन जोडपं शहरात दोन दिवस अडकलं. मी मथळा दिला, ‘सातासमुद्रापारच्या पाहुण्यांना सोलापूरची भुरळ’. त्याच आठवड्यात बातमी आली की इथल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात आफ्रिकेतली काही मुलं शिकायला आली आहेत. मी लिहिलं, ‘शहरात परदेशी नागरिकांचा वावर वाढला’. इरण्णा दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन वर आला. पहिली तारेवरून काढून आणली होती.

“गोरा आला तर पाव्हणा, काळा आला तर परदेशी. ही कुटली रीत, सायेब?”

“अरे, ते फिरायला आलेत, हे राहायला आलेत. फरक आहे.”

“मग राहायला आले असं लिवा की. वावर बिबट्याचा असतो. माणूस राहतो.”

त्या दिवशी मी मथळा बदलला. ‘आफ्रिकेतील विद्यार्थी शिक्षणासाठी सोलापुरात’. वाचून कुणी थांबलं नाही. अंक नेहमीपेक्षा कमी गेला असं मालक म्हणाले, आणि ते खरं की खोटं हे मी तपासलं नाही. पण मालकांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

त्या मुलांपैकी एक रोज एकच्या सुमाराला फलकापाशी यायला लागला. उंच, सडपातळ, पाठीवर निळी पिशवी. मलावी देशातला, नाव डॅनियल. तो पाय रोवून उभा राही आणि फलकावरचं एकेक अक्षर वहीत उतरवून घेई. काही दिवसांनी इरण्णा त्याच्या शेजारी उभा राहायला लागला. मी वरच्या खिडकीतून बघायचो. इरण्णा खडूच्या टोकाने अक्षर दाखवायचा, तो मोठ्याने वाचायचा, चहावाले आणि त्यांची गिऱ्हाइकं ऐकायची. जोडाक्षर आलं की इरण्णा ते बाजूला फोडून दाखवायचा. डॅनियल हे नाव त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने त्याचा दानय्या केला. मैंदर्गीला त्याच्या चुलत्याचं नाव दानय्या होतं. तो मुलगा त्याला अण्णा म्हणायचा. तीन-चार महिन्यांत त्याला फलक वाचता यायला लागला. ‘पाणीपुरवठा’ हा शब्द त्याने पहिल्या दमात वाचला त्या दिवशी इरण्णाने त्याला चहा पाजला आणि वर येऊन मला सांगितलं, “आता हा सोलापूरकर झाला. नळाला पानी कवा येणार ते वाचतोय.”

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या दुपारी पाचवीतली एक मुलगी शाळेतून येताना सायकलवरून पडली. हनुवटी फाटली, रक्त थांबेना. रस्त्यावर माणसं होती, पण पुढे कुणी होईना. एक परदेशी विद्यार्थी तिथून चालला होता. त्याने तिला रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं, टाके घालेपर्यंत थांबला आणि तिच्या दप्तरातल्या वहीवरचा नंबर लावून वडिलांना बोलावलं. मधला तासभर आई तिला शोधत होती आणि मुलीला एक काळा माणूस रिक्षातून घेऊन गेला, असं लोक तिला सांगत होते. वडील दवाखान्यात पोचले आणि सगळं मिटलं. आमच्या वार्ताहराने हे सगळं नीट लिहून आणलं. त्याचा मथळा होता, ‘जखमी मुलीला परदेशी विद्यार्थ्याने नेले दवाखान्यात’.

मी तो खोडला. त्या महिन्यात विक्री घसरली होती आणि सकाळीच मालक मला त्यावरून बोलले होते. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं घडलं म्हणून सांगतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘शाळकरी मुलगी परदेशी तरुणासोबत, परिसरात खळबळ’. यातला प्रत्येक शब्द मी कोर्टात सिद्ध करून दाखवला असता. मुलगी शाळकरी होती, तरुणासोबत होती, खळबळ उडाली होती. दवाखाना, टाके आणि वडिलांना केलेला फोन आत बातमीत होते. ज्याने अंक घेतला असता त्याला ते वाचता आलं असतं.

इरण्णा वर आला. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला नाही.

“सायेब, ‘दवाखान्यात’ बसतंय. मी मोजलं हाय.”

“बसतं ते मलाही कळतं. ते घातलं की अंक कोण घेणार? लोकांना प्रश्न पडला पाहिजे.”

“प्रश्न पडून घरी बसत न्हाईत लोकं. रस्त्यावर येत्यात.”

मी घड्याळाकडे बघितलं. त्याने विचारलं, “त्या पोराचं नाव तरी?”

नाव माझ्या समोरच्या कागदावर होतं. मी म्हटलं, “नावाचं काय करायचंय? परदेशी पुरे.”

मी पुढच्या पानाकडे वळलो. तो न जाता तसाच उभा आहे हे कळून मी मान वर न करता म्हणालो, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला लिहायला सांगतो. मग जिन्यावर त्याची पावलं वाजली.

एक वाजता डॅनियल आला. फलकासमोर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, तिच्या मागे उभा राहून तो मोठ्याने वाचायला लागला. आता त्याला अक्षरं जोडून वाचता येत होती. ‘खळबळ’ला तो अडला. त्याने इरण्णाला अर्थ विचारला असावा, कारण इरण्णाने हात हलवून काहीतरी सांगितलं. मग तो मुलगा हसला, त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने हनुवटीवर टाके घातल्याची खूण केली. आपली बातमी आली म्हणून त्याला आनंद झाला होता. गर्दीतली माणसं वळून त्याच्याकडे बघत होती. एक-दोघांनी मोबाइल वर धरले होते.

इरण्णाने बादलीतलं फडकं उचललं आणि फलक पुसला. साखरेच्या पाण्याचं अक्षर एका हाताने पुसलं जात नाही, त्याने दोन्ही हात लावले. बावीस वर्षांत दुपारी फलक पुसल्याचं मला आठवत नाही. पण तोवर फोटो निघाला होता. पुसलेला फलक कुणाच्या मोबाइलवर गेला नाही.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला डॅनियलच्या खोलीखाली माणसं जमली. त्यांतल्या कुणालाही ती मुलगी किंवा तिचे वडील माहीत नव्हते. त्याला खाली ओढलं, मारलं. उजव्या कोपराचं हाड मोडलं. पोलीस आले म्हणून एवढ्यावर भागलं. घरमालकाने दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगितली. महिन्याभरात तो मलावीला परत गेला, परीक्षा न देता.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील कचेरीत आले. नरसय्या नाव, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्यांना वाटेत सगळ्यांनी सांगितलं होतं की फलक इरण्णा लिहितो. ते जिना चढले नाहीत. खालीच इरण्णासमोर उभे राहिले.

“माझ्या पोरीचं रक्त त्याच्या शर्टाला लागलं होतं. मी त्याच्या पाया पडत होतो, तर पडू दिला नाही मला. आणि तू काय लिहिलास?”

नरसय्या रडत नव्हते, ओरडतही नव्हते. उत्तराची वाट बघत होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो. तिथून खाली उतरून एक वाक्य बोलायचं होतं.

मालकांनी अकरा वाजता सगळ्यांना बोलावलं. पोलिसांनी विचारणा केली होती, फलकावरचा मजकूर कुणाचा. मालक येण्याआधी मी खाली गेलो. इरण्णा चौकातल्या नळावर बादली भरायला गेला होता. मी तारेवरून माझी चिठ्ठी ओढून काढली आणि खिशात घातली. इतकंच केलं. वळलो तर तो दारात होता. तार अजून हलत होती. त्याने बादली खाली ठेवली, दोन बोटांनी तार धरून थांबवली आणि माझ्या आधी जिना चढला.

मालकांनी विचारलं, “हे कुणाचं?” मी बोलायच्या आधी, किंवा मी बोलणार नाही हे पुरेसं कळल्यावर, इरण्णा म्हणाला, “अक्षर माझं हाय.”

“चिठ्ठी कुठाय?”

“चिठ्ठी न्हाय.”

मालकांनी ते मान्य केलं, कारण सगळ्यांच्या सोयीचं होतं. इरण्णाने पोलिसांत माफी लिहून दिली. फलकावरून काढून त्याला अंकाचे गठ्ठे बांधायला बसवलं. तीन महिने त्याने गठ्ठे बांधले. मला रोज नमस्कार केला. मग एक दिवस आला नाही.

दोन वर्षांनी कळलं की तो मधल्या मारुतीच्या देवळाजवळ एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसतो आणि भांड्यांवर नावं घालतो. मी दुपारचा गेलो. चिठ्ठी खिशात होती. ती त्याच्या हातात द्यायची आणि चल, आपण दोघं मालकांकडे जाऊ असं म्हणायचं ठरवून निघालो होतो. तिथे पोचल्यावर मी दुकानातून एक स्टीलचा डबा घेतला. नुसतं त्याच्यासमोर उभं राहणं मला जमेना.

तो स्टुलावर बसला होता. मांडीवर भांडं, हातात नाव कोरायचं छोटं यंत्र. शर्टाच्या बाहीवर आता खडू नव्हता, स्टीलची बारीक चकाकी होती. मला बघून उठायला लागला, मी बसवलं.

“बरं चाललंय का?”

“लई बरं. हितं नुसतं नाव घालायचं असतं. पुढंमागं काय जोडायचं नसतं.”

मग त्याने आपण होऊन सांगितलं की दानय्याचा सणाला फोन येतो. हात पूर्ण सरळ होत नाही, पण तो तिकडे एका दवाखान्यात औषधं देण्याच्या कामाला लागला आहे. अधूनमधून मराठीत निरोप पाठवतो. इरण्णाने मोबाइल काढून दाखवला: ‘अण्णा बरे आहे का पाणी आले का’.

मी विचारलं, “त्याला माहीत आहे का, कुणी लिहिलं ते?”

“त्यानं इचारलं न्हाय. मीच लिवलं असं त्याला वाटतं. आणि लिवलं मीच की, सायेब. चिठ्ठी तुमची व्हती, पण खडू माझ्या हातात व्हता. मला न्हाय म्हणता आलं असतं.” त्याने यंत्राची वायर सरळ केली. “तुमचं तुमी त्याला सांगायचं असंल तर नंबर देतो.”

त्याने कागदाच्या तुकड्यावर नंबर लिहून दिला, तेच ते ठळक अक्षर. मी तो खिशात घातला, माझ्या चिठ्ठीच्या शेजारी. चिठ्ठी बाहेर काढली नाही. नंबर आजपर्यंत लावला नाही. हा मजकूर छापून आला की पहिली प्रत त्या नंबरावर जाईल. मराठी त्याला वाचता येतं.

मग त्याने डबा मांडीवर घेतला.

“नाव लिवून द्या.”

“माझं नाव तुला माहीत नाही का?”

“माहीत हाय. पण लिवून दिलेलं बरं असतं. मागनं कुणी विचारलं तर दाखवाया येतं.”

यात टोमणा होता का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. तो नेहमीसारखाच होता. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, मनोहर. त्याने बोटांवर अक्षरं मोजली, यंत्र चालू केलं आणि झाकणावर माझं नाव सावकाश कोरलं. शर्टाच्या टोकाने झाकण पुसून डबा माझ्या हातात दिला.

कोपऱ्यावरून मी मागे वळून बघितलं. दुकानाच्या शटरला एक वाकडी तार टांगलेली होती. त्याने माझ्या नावाची चिठ्ठी तिला टोचली आणि तार हलत होती म्हणून दोन बोटांनी धरून ठेवली.